रक्त स्वच्छ, तरी गाठीत ल्युकेमिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ३१ वर्षे ब्लॉक कापले. मेणात बसवलेल्या तुकड्याचा तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा मायक्रोटोमवर काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलायचा, हे माझे काम. निदान डॉक्टर करत. तरीही लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या भाच्याचे निदान चुकता चुकता राहिले.

मुलगा २२ वर्षांचा. मानेला गाठ. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळे जागेवर. गाठ काढली, रिपोर्ट आला 'लिम्फोमा', म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर; केमोची तारीखही ठरली. बहिणीने रिपोर्ट मला दाखवला. पेशींचा प्रकार ओळखायचे मार्कर असे: सीडी २० निगेटिव्ह, सीडी ३ निगेटिव्ह, पॉझिटिव्ह एकटा सीडी ४३. बी पेशींची खूण नाही, टी पेशींची नाही, मग लिम्फोमा म्हणायचे कशावरून? असे चित्र दिसले की मायलॉइड सार्कोमा आठवा, हे आमच्याकडे नव्या डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगत.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, कोवळ्या पेशी बोन मॅरोच्या (हाडांतल्या मज्जेच्या) बाहेर गाठ धरतात, ती ही. त्वचेत, मणक्यात, आतड्यात, कुठेही होते. लहान मुलाचा डोळा पुढे येतो तोही कधी कधी हिच्यामुळे. ताजी कापली तर ती काही वेळा हिरवट दिसते, म्हणून १८५३ साली तिला 'क्लोरोमा' नाव पडले. तो रंग मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा, आणि लॅबमधला एमपीओ मार्कर पकडतो तेही हेच एन्झाइम. बहीण सांगते, थिएटरबाहेर गाठ दाखवताना कुणीतरी म्हणाले होते, "हिरवट आहे, पू असेल." लॅबच्या फॉर्मवर मात्र दोनच शब्द होते, 'मानेतील गाठ'. हवा लागली की तो हिरवा रंग उडतो. आमच्या टेबलावर येईपर्यंत तो दिसणार कुणाला?

ब्लॉक मागून घेतला. पिवळी प्लास्टिकची कॅसेट, कडेला पेन्सिलने नंबर, मेणात नखाएवढा तुकडा. मे महिना होता. गाडीत उन्हात ठेवू नकोस, मेण वितळेल, असे बहिणीला दोनदा बजावले. मुंबईत तपासणी झाली. एमपीओ, लायसोझाइम, सीडी ११७, तिन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे मायलॉइड सार्कोमाच. बोन मॅरो मात्र स्वच्छ.

आणि इथेच घरचे लोक पुन्हा फसतात. मॅरो स्वच्छ आहे, गाठ निघाली आहे, मग कशाला एवढी जड औषधे? पण तेवढ्यावर थांबले तर बहुतेकांच्या मॅरोत काही महिन्यांत ल्युकेमिया उतरतो. म्हणून उपचार पहिल्या दिवसापासून एएमएलचेच (अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचेच) लागतात. भाच्याला सात दिवस सायटाराबिन, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन दिले. लिम्फोमाची केमो वेगळी असते.

सर्जन मंडळींना हात जोडून विनंती, फॉर्मवर चार ओळी लिहा, गाठीचा रंगसुद्धा लिहा. बी आणि टी दोन्ही निगेटिव्ह असताना एमपीओ लावल्याशिवाय लॅबने रिपोर्टवर सही करू नये. गावात तो मार्कर नसेल, तर तसे रिपोर्टवर स्पष्ट लिहून ब्लॉक पुढे पाठवावा. गुणसूत्रांतले बदल शोधणारी फिश तपासणीही त्याच ब्लॉकवर होऊ शकते. तो मिळवायला माझ्या बहिणीला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि तिकडे केमोची तारीख जवळ येत होती. नातेवाइकांनी लेखी मागितला तर ब्लॉक त्याच दिवशी हातात मिळावा, एवढी सोय प्रत्येक लॅबने करावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा