काकू, घर घेताना तुम्ही होतात म्हणून

प्रिय काकू,

तुमचं नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काकू. पण पत्र चारचौघांनी वाचावं म्हणूनच लिहितेय. लातूर, नांदेड, परभणीकडून नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या आणि आल्या आल्या घर बघायला निघणाऱ्या सगळ्यांनाच तुमच्यासारखी घरमालकीण मिळत नाही.

आमच्या घराची नोंदणी झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो-अंगठे झाल्यावर यांनी बाबांना फोन लावला आणि मी तुम्हाला. बोलायचं खूप होतं, पण गळा दाटून आला. राहिलेलं आता लिहिते.

गावाकडे जागा घ्यायची म्हटलं की निम्मी माहिती आपोआप कानावर येते. कुठल्या प्लॉटवर भावकीची भांडणं आहेत, कुठल्या गल्लीत पाणी साचतं, कुठे बोअरला पाणी लागत नाही, सगळं गावाला ठाऊक असतं. पुण्यात आम्हाला हे सांगणारं कोण होतं? एजंट, सेल्स ऑफिसातली मुलं आणि कर्ज देणारी बँक. व्यवहार झाला तरच या तिघांचा फायदा. तुमचं तसं नव्हतं. आम्ही घर घेतलं की तुमचे भाडेकरू जाणार होते, आणि तरी तुम्ही आमच्यासोबत भर उन्हात साइट बघत हिंडलात. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

'आधी एक पावसाळा इथे काढा, मग घराचं बोला,' हे तुमचं पहिलं वाक्य. तेव्हा सासरे थोडे नाराज झाले होते. भाड्यात पैसे जातात हे त्यांच्या जिवाला लागायचं. पण नदीकाठचा तो रीसेल फ्लॅट बघायला गेलो तेव्हा त्यांनाही पटलं. फ्लॅट सुरेख होता, हवा छान, भावही बसत होता. तुम्ही वर आलाच नाहीत, पार्किंगमध्येच थांबलात. आम्ही खाली आलो तर तुम्ही एका खांबाला हात लावून उभ्या. छातीच्या उंचीपर्यंत नवा रंग, त्याच्या वर जुना, आणि सगळ्या खांबांना तीच रेघ. तुम्ही वॉचमनला इतकंच विचारलंत, 'गाड्या कुठे नेऊन लावल्या होत्या?' मग तो आपणहून सगळं बोलला. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते आम्ही बातम्यांत पाहिलं होतं. पण आपण बघतोय त्या इमारतीशी त्याचा संबंध जोडायचं आम्हाला सुचलं नव्हतं. घरी आल्यावर तुम्ही निळी आणि लाल पूररेषा समजावून सांगितलीत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल.

पाण्याचं तर आम्हा लातूरकरांना काय सांगायचं! 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो. पण पुण्यासारख्या चार धरणांच्या शहरात पाणी विकत घेणाऱ्या सोसायट्या असतील, असं वाटलं नव्हतं. 2021 मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, पण हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं, हे तुम्ही तिथल्या एका सोसायटीच्या गेटवरचं टँकरचं रजिस्टर उघडून दाखवलंत. तारीख, गाडीचा नंबर, वॉचमनची सही, पानंच्या पानं भरलेली. ब्रोशरमध्ये मेंटेनन्सचा आकडा होता, टँकरचा खर्च त्यात धरलेला नव्हता. एवढ्या एका रजिस्टरपायी आम्ही तो सगळा भागच यादीतून काढला. तिथे राहणाऱ्यांना दुसरा इलाज नाही हे मला कळतं. पण निवडायची सोय असणाऱ्याने आधी पाण्याचं विचारावं आणि स्विमिंग पूल नंतर बघावा, असं मला मनापासून वाटतं.

कागदांची ती संध्याकाळही लक्षात आहे. जेवणं झाल्यावर तुम्ही महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, साइट उघडून बसलात. एकाच नावाच्या प्रकल्पाचे टप्पे वेगवेगळे नोंदवलेले असतात, हे तिथे कळलं. आम्हाला दाखवलेलं क्लबहाउस आमच्या टप्प्यात नव्हतंच, पुढच्या टप्प्यात होतं. ताबा द्यायची मूळ तारीख कोणती आणि वाढवून घेतलेली कोणती, तेही तिथेच दिसलं. भाव सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिने-लॉबीचा वाटाही धरलेल्या क्षेत्रफळावर, बोलला जात होता. तुम्ही कागदावर कार्पेट, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ, लिहून एकूण किंमत त्याने भागून दाखवलीत आणि 'स्वस्त' वाटणारा फ्लॅट महाग निघाला.

आणि ती 'रविवारपर्यंतच ऑफर'! दोन दिवसांत वीस टक्के भरा, करारनामा नंतर करू, असं सेल्स ऑफिसवाले फोनवर म्हणाले. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेताच येत नाही, रेरा कायद्याचं तेरावं कलम आहे. हे ऐकल्यावर पलीकडचा आवाज एकदम मवाळ झाला. कायदा माहीत असणारं माणूस शेजारी बसलं की किती धीर येतो, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

शेवटी आम्ही तयार, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरायची महापालिकेची परवानगी) मिळालेल्या इमारतीतला रीसेल फ्लॅट घेतला. भाडं आणि हप्ता दोन्ही सोबत ओढायची वेळ आली नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावरचा पाच टक्के जीएसटीही नाही. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं आहे का, हे विचारायचं तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स करून घेताना सेक्रेटरी म्हणून तुम्ही किती हेलपाटे घातलेत, ते ऐकलं होतं, म्हणून त्याचं मोल कळलं. मालकीहक्क तपासणारा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्याच वकिलाकडून, आधीच्या सगळ्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणीचे उतारे), शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र, सगळं तुम्ही एकेक करून बघितलंत. सोसायटीने ट्रान्स्फरसाठी 'डोनेशन' मागितलं, तेव्हा प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही याचं परिपत्रक तुम्ही तुमच्या फाइलमधून काढून दिलंत. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला. त्या पैशांत स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या झाल्या.

मला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते एका गोष्टीचं. तुम्ही कधीच 'हे घ्या' म्हणाला नाहीत. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, एवढंच सांगत गेलात, आणि निर्णय आम्हाला घेऊ दिलात. सासरे आता भेटेल त्याला सांगतात, की पुण्यात आमचं रक्ताचं कुणी नव्हतं, पण घर घेताना घरचं माणूस सोबत होतं.

काकू, वास्तुशांतीची तारीख ठरली की बोलवायला आम्ही सगळेच येऊ. तुम्ही आणि काका सकाळपासूनच या, पूजेला बसताना तुम्ही शेजारी हव्यात. आणि एक विचारायचं होतं. आमची खोली रिकामी होतेय, आणि माझा मावसभाऊ नांदेडहून खराडीला नोकरीवर रुजू होतोय. आल्याबरोबर फ्लॅट बुक करायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याला आधी तुमच्याकडे भाड्याने पाठवू का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची भाडेकरू