मंत्रिमहोदय, गावातली लाइन महिन्यातून किती तास चालू असते?

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, सुधारित भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायती फायबरने इंटरनेटला जोडायची योजना. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. खेड्यापाड्यातल्या इंटरनेटवर एवढा पैसा लागणार याचा मला आनंदच आहे. माझी उभी नोकरी टेलिकॉम खात्यात आणि नंतर खात्याच्या कंपनीत गेली, त्यातली बरीचशी नागपूर जिल्ह्यातल्या एक्स्चेंजांमध्ये आणि केबलच्या खड्ड्यांशेजारी. म्हणून नवं खोदकाम गावोगाव पोचायच्या आत एक मागणी करतो. प्रत्येक ग्रामपंचायतीची लाइन महिन्यात किती तास चालू होती, हा आकडा गावाच्या नावानिशी लोकांसमोर ठेवा आणि ठेकेदाराचं बिल त्या आकड्यावर काढा.

रामटेक तालुक्यात, पेंचच्या अंगाला असलेल्या एका ग्रामपंचायतीत मध्यंतरी एका नातेवाइकाच्या नमुना आठच्या उताऱ्यासाठी गेलो होतो. सवयीप्रमाणे आधी भिंतीकडे नजर गेली. फायबरवरून इंटरनेट देणारा डबा होता. खाली बॅटरी, छतावर सोलरचं पॅनल, वायर नीट पट्ट्या मारून नेलेली. काम करणाऱ्यांनी काम चांगलं केलं होतं. वीज होती, डबा चालू होता. फक्त हिरवा असायला हवा तो दिवा विझलेला आणि शेजारचा लाल दिवा लुकलुकत होता. या यंत्राची भाषा सरळ आहे. हिरवा लागला की तालुक्याच्या एक्स्चेंजमधून प्रकाश पोचतोय, लाल लुकलुकला की वाटेत कुठंतरी फायबर तुटलीय. संगणक परिचालक पोरगा म्हणाला, "डबा तं हाय काका, पण त्याचा लाल लाइट लागून किती दिवस झाले ते मले बी नाही आठवत." त्याने खिडकीच्या गजाला स्वतःचा मोबाइल टेकवला, हॉटस्पॉट चालू केला आणि उतारा काढून दिला. सरकारी उतारा, त्याच्या खिशातल्या रिचार्जवर.

हे गाव आपल्या यादीत 'सर्व्हिस रेडी'त, म्हणजे सेवा सुरू करायला तयार गावांत आहे. ज्या दिवशी चाचणी झाली त्या दिवशी ते होतंही. त्यानंतर काय झालं हे टिपायला त्या यादीत रकानाच नाही.

फायबर का तुटते, हे दिल्लीत बसून कळायला थोडं अवघड जातं. २०११ साली नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क (भारतनेटचं आधीचं नाव) मंजूर झालं तेव्हा दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. खर्च वाचावा म्हणून शक्य तिथपर्यंत बीएसएनएलची जुनी फायबर वापरायची आणि उरलेला तुकडा नवा टाकायचा, असं ठरलं. म्हणजे नव्या लाइनची मुळं जुन्या, आधीच जोड मारून मारून थकलेल्या केबलमध्ये. त्यातून रचना सरळ रेषेतली. तालुक्यापासून निघालेली केबल पहिल्या गावापाशी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. कागदावर केबल १.६५ मीटर खोल असते. आमच्याकडे हातभर मुरूम गेला की काळा दगड लागतो. तिथं ब्रेकर लावायचा की केबल वरच ठेवून माती ओढायची, हे ठेकेदाराच्या बिलावर ठरतं. पुढं रस्ता रुंद होतो. काल कडेला असलेली केबल आज रस्त्याच्या पोटात येते आणि जेसीबीच्या पहिल्याच घासात बाहेर.

'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. कल्पना उत्तम. पण जेसीबीवर बसणारा माणूस रोजंदारीवर असतो, त्याला मुकादमाने चुना टाकून दाखवला तेवढाच नकाशा माहीत. केबल तुटली की ती कोणी जोडायची यावर रस्त्याचा ठेकेदार, केबलचा ठेकेदार आणि ग्रामपंचायत तिघंही हात वर करतात. जोडायचं काम खरं तर अर्ध्या दिवसाचं. ओटीडीआर लावला की किती किलोमीटरवर कट आहे ते कळतं, खड्डा घ्यायचा, स्प्लायसिंग मशीनवर एकेक धागा जुळवायचा, क्लोजर बंद करायचं. पण मशीन नागपुरात, गाडीला डिझेल नाही, आणि माणूस? बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० ला सुमारे ७८ हजार कर्मचारी एका दिवसात स्वेच्छानिवृत्त झाले. मीही त्यातलाच. कुठल्या पुलाखालून केबल कशी वळते हे ज्यांना पाठ होतं, ती माणसं त्या संध्याकाळी सत्काराचे नारळ घेऊन घरी गेली.

सुधारित योजनेत यातल्या बऱ्याच दुखण्यांवर इलाज आहे, हे मान्य करायलाच हवं. आता गावं रिंगमध्ये जोडायची आहेत, म्हणजे एका बाजूने कट झाला तर दुसऱ्या बाजूने वाट मोकळी. जो बांधेल त्यानेच दहा वर्षं चालवायचं, अशी अट आहे. ज्याने कोणी ही अट घातली त्याने शेतातला चिखल तुडवलेला असावा. माझी शंका पुढची आहे. देखभाल झाली की नाही हे ठेकेदार सांगणार, एजन्सी तपासणार आणि दिल्ली पैसे देणार. ज्याच्या भिंतीवर लाल दिवा लुकलुकतोय त्याला या साखळीत कोणी विचारणार आहे का?

ही शंका मी हवेतून काढलेली नाही. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन देण्याचं वचन होतं. ते हुकलं, मग १९९९ च्या धोरणाने उरलेल्या गावांसाठी २००२ ची तारीख दिली. तारखा हुकतात, त्याचं मला फार वाटत नाही. आम्हाला छळलं ते नंतरच्या प्रकाराने. त्या काळात गावचा सार्वजनिक फोन एमएआरआर नावाच्या रेडिओ यंत्रणेवर दिला जायचा. सरपंचाच्या नाहीतर पोलीस पाटलाच्या घरी फोन, छपरावर अँटेना. बॅटरी उतरली की फोन मुका, आणि बॅटरी तर सारखीच उतरायची. फॉल्ट रजिस्टरमध्ये आम्ही तो बंद लिहायचो, वर जाणाऱ्या अहवालात मात्र ते गाव 'फोन असलेलं गाव' म्हणूनच मोजलं जायचं. पुढे यूएसओ निधीतून, म्हणजे खेड्यापाड्यात दूरसंचार पोचवण्यासाठीच्या सरकारी निधीतून, पैसे घालून हे फोन सरसकट बदलावे लागले. तीच गत फायबरची होऊ नये.

याच देशात याच्या उलटही घडलं आहे. १९८४ मध्ये सी-डॉट हे सरकारी दूरसंचार संशोधन केंद्र स्थापन झालं. तेव्हा परदेशी डिजिटल एक्स्चेंजांना वातानुकूलित खोली लागायची. सी-डॉटच्या इंजिनिअरांनी १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं ते एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असं. कर्नाटकातल्या कित्तूरला १९८६ मध्ये ते पहिल्यांदा लागलं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा त्या खोलीत आम्हाला उभं राहवत नसे, एक्स्चेंज चालायचं. कारण ते कुठं चालणार आहे, याचा विचार नकाशा काढायच्या आधी झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सुरू झालं, त्यात सी-डॉटचाच मोठा वाटा आहे, याचा आम्हा जुन्या लोकांना अभिमान आहे. सुमारे ९७,५०० टॉवर एकदम जाहीर झाले. त्यातल्या जंगलकाठच्या टॉवरच्या बॅटऱ्या वादळी पावसात वीज गेल्यावर किती तास टिकतात, तेही जाहीर करता आलं तर बघा.

आता मोजमापाचं. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०२४ चे सेवा-गुणवत्तेचे नियम आधीपेक्षा कडक आहेत. जिल्ह्यात नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद राहिलं तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ मिळते. वाचायला छान. पण हिशेब जिल्ह्याचा. नागपूर जिल्ह्यात नागपूर शहर आहे, साहेब. देवलापारकडचे टॉवर आठवडाभर मेलेले असले तरी सीताबर्डीच्या फुटपाथवर पोरं रील बघत असणार, आणि जिल्हा काही बंद पडणार नाही. सर्कलचं, म्हणजे कंपन्यांच्या परवान्याच्या विभागाचं, तर विचारूच नका. आमच्या सर्कलमध्ये मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पुणे, पणजी आणि भामरागड यांची सरासरी काढली की भामरागडचा माणूसही कागदावर सुखी. शंभर माणसांमागे शहरात सव्वाशेहून जास्त कनेक्शनं आहेत आणि ग्रामीण भागात साठच्या आत, असं ट्रायचेच आकडे सांगतात. तरी सेवेचा हिशेब करताना दोघांना एकाच मापात का घालायचं? घटक तालुका करा. टॉवरच केलात तर आणखी चांगलं.

पूर्वी नेटवर्क नसलं तर बोलणं व्हायचं नाही, एवढंच. आता सरकारनेच सगळं नेटवर्कला बांधून टाकलंय. रेशनला ई-पॉसवर अंगठा. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी. रोजगार हमीच्या कामावर २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली तेव्हा बाया ओटीपीसाठी मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढत होत्या. एकीने वरूनच ओरडून आकडे सांगितले आणि खाली सेवा केंद्रवाल्याने ते भरले. सायबर सुरक्षेच्या जाहिराती सांगतात की ओटीपी कोणाला सांगू नका. इथं सगळ्या गावाने ऐकला.

मग तक्रार कुठं करायची? पूर्वी १९८ फिरवला की एक्स्चेंजमधला माणूस बोलायचा, आणि नाही ऐकलं तर टेलिफोन खात्याच्या एसडीओच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) टेबलासमोर जाऊन उभं राहता यायचं. आता कॉल सेंटर, मग डॉकेट नंबर, मग अपील, तेही त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. २००९ च्या एका निकालानंतर ग्राहक मंचाचं दारही बऱ्याच जणांना बंद झालं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. दूरसंचारासाठी लोकपाल नेमा, ही शिफारस ट्रायने २००४ मध्ये केली, २०१७ मध्ये पुन्हा केली. बँकांना १९९५ पासून लोकपाल आहे. विजेचं उदाहरण तर आमच्या दारातच आहे. विद्युत लोकपाल नागपूरला बसतो. विजेच्या बिलाचं गाऱ्हाणं घेऊन भंडाऱ्याचा माणूस एसटीने येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. मोबाइलच्या गाऱ्हाण्यासाठी तशी एकही खुर्ची नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ऑनलाइन तक्रार निवारणाची तरतूद आहे. ऑनलाइन! नेटवर्क नाही ही तक्रार नेटवर्कवरून करायची.

पैशाची अडचण आहे असं कोणी म्हणू नये. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के २००२ पासून यूएसओ निधीसाठी घेतले जातात, म्हणजे शेवटी ते आमच्या रिचार्जमधूनच येतात. त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं खर्चाविना पडून राहिला. आता निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालंय. नाव चांगलं आहे. त्यातून नुसती नवी केबल न टाकता टाकलेल्या केबलची निगाही भागवा.

आणि कृपा करून आणखी एक नमुना गाव करू नका. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०२५ मध्ये अमरावती रोडवरचं सातनवरी पहिलं स्मार्ट इंटेलिजेंट गाव झालं. नागपूर जिल्हा स्वतः पहिला डिजिटल जिल्हा म्हणून मिरवून झाला आहे. पहिलेपणाचा मान विदर्भाला पुष्कळ मिळाला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातशेव्या गावाचं काय ते बघा.

माझी मागणी नागपूर जिल्ह्यापुरती तरी याच वर्षी अमलात आणता येईल. तालुकावार यादी, दर महिन्याच्या पाच तारखेला, ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर आणि आपल्या संकेतस्थळावर. रकाने पाचच: गावाचं नाव, लाइन किती तास बंद, कारण, दुरुस्तीची तारीख, जबाबदार माणसाचा फोन नंबर. सरपंचाची सही असल्याशिवाय त्या गावाच्या देखभालीचं बिल निघू नये. यंत्रणा स्वतःच हा आकडा नोंदवत असते, त्यासाठी नवं ॲप काढायची गरज नाही. नमुना कसा असावा असा प्रश्न पडला, तर कुठल्याही जुन्या एक्स्चेंजच्या कपाटात फॉल्ट रजिस्टर सापडेल. लाल पुठ्ठ्याचं असतं.

आपला,
एक निवृत्त टेलिकॉम कर्मचारी
नागपूर