आबांच्या शेवटच्या रात्री सोबत असणाऱ्यांना

आपल्याला व्हेंटिलेटर लावू नये, हे आबांनीच दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, नोटरीसमोर लिहून ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली. तरी तो कागद पुढे करताना माझा हात कापत होता. डॉक्टरबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या, कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा निर्णय तुमचा नाही, त्यांचा आहे." मनावरचं केवढं ओझं उतरलं!

पहाटे आबा गेले. नेत्रदान ६ तासांच्या आत व्हायला हवं, हे रडण्याच्या भरात आम्ही विसरलोच. रात्रपाळीच्या सिस्टरांनी पंखा बंद केला, उशी उंच केली, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन लावला. वॉर्डातल्या मावशींनी आईला चहा पाजला. नावं विचारायची राहूनच गेली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.