रविवारच्या बालवाचनासाठी सूचना : अनुप्रासाची चित्रं

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता नेहमीच्या जागी लेकरांना अनुप्रास (वाक्यात एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येणं) शिकवायचा आहे. ‘अनुप्रास’ हा शब्द मात्र शेवटी सांगा. आधी चित्र.

प्रत्येकानं कोऱ्या कागदावर एकच मोठं, गमतीदार चित्र काढून आणावं. नमुना : हिंगोलीचा हत्ती हळद हुंगतोय. सोंड पिवळी, डोळ्यांत पाणी, शिंक अडकलेली. किंवा परभणीचा पोपट पत्र्यावर पापड पसरतोय. चित्र सुबक नसलं तरी चालेल. गेल्या वेळी माझ्या बैलाला पोरं बोका म्हणाली, आणि ‘ब’ला ‘ब’ जुळला म्हणून मीही दुरुस्त केलं नाही.

चित्राखाली वाक्य लिहू नका. ‘कोण? कुठला? काय करतोय?’ असं विचारा, वाक्य लेकरांच्याच तोंडून येऊ द्या. चार-पाच शब्द पुरे.

एक सांभाळा. अनुप्रास कानाचा खेळ आहे. ‘चिमणी’ आणि ‘चमचा’ दोन्हींत अक्षर ‘च’च, पण उच्चार वेगळा. चिमणीसोबत चिंच, चिखल, चिवडा घ्या. चमच्यासोबत चाक, चाळणी. ‘ब’ आणि ‘भ’चीही सरमिसळ नको. घरी लेकरू ‘भाकर’ऐवजी ‘भाकरी’ म्हणतं की नाही, यात पडू नका, ‘भ’ तर दोन्हींत आहे.

खडू गटाकडे आहेत. कागद आपापले आणा, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू झकास. येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.