शेजारी आणि वावरातला सरवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी शहादा तालुक्यातला शेतकरी, ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे चर्चमधे आणि बाहेर पण एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते, की यहुदी धर्म म्हणजे नुसते कडक नियम आणि प्रेम शिकवलं ते येशूने. मला हे अजिबात पटत नाही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय काढून बघा. एक शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, तर येशू जी सांगतो ती यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो तीच, हे इस्राएला ऐक, देव एकच, त्याच्यावर पूर्ण मनाने, जिवाने, शक्तीने प्रीती कर. ही यहुद्यांच्याच धर्मग्रंथातली, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातली. आणि लगेच दुसरी, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही त्याच ग्रंथातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली. तो शास्त्री पण म्हणतो गुरुजी बरोबर बोललात, होमबलीपेक्षा हे मोठं. लूकच्या शुभवर्तमानात तर दोन्ही आज्ञा येशू सांगतच नाही, विचारायला आलेला पंडितच सांगतो. पुढे यहुदी धर्मगुरू रब्बी अकिवा पण शेजाऱ्याच्या ओळीलाच तोराहचं, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचं, मोठं तत्त्व म्हणाले.

पण मला खरं लिहायचंय ते लेवीय 19 बद्दल. शेजाऱ्याची ओळ तिथे 18वी, तिच्या आधी काय आहे ते कोणी वाचतच नाही. पीक कापताना वावराचे कोपरे ठेवा, कापणीनंतर मागे पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. आणि पुढे 34व्या ओळीत, परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा कारण तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमधे, परके होता. सरवा काय असतो हे खान्देशात सांगायला नको, माझी आई दुसऱ्याच्या वावरात भुईमूग निघाला की खुरपी घेऊन जायची आणि ओच्यात मातीसकट शेंगा आणायची, त्यावर आमची संध्याकाळ निघायची.

आणि मी काय केलं? मागच्या वर्षी कापूस वेचायला सातपुड्याच्या पाड्यावरून बाया आल्या होत्या, किलोवर वेचणी ठरलेली, व्यापाऱ्याचे पैसे आले नाही म्हणून मी सगळ्यांची मजुरी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवली. एक बाई संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभी राहिली, बोलली काहीच नाही, हातातली रिकामी पिशवी घडी करायची, उघडायची, परत घडी करायची. त्याच रविवारी चर्चमधे शेजाऱ्याचं वचन मोठ्याने वाचलं ते मीच. तिचं नाव पण मला माहीत नव्हतं.

यंदा उसने काढतो पण वजन झालं की पैसे हातावर ठेवतो.

आपल्या पेपरात या विषयावर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या यहुदी समाजातल्या कोणी जाणत्या माणसाला लिहायला सांगा अशी विनंती आहे, त्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आत लिहिलेली गुंडाळी असलेली छोटी डबी, असतो आणि त्यात हीच देवावर प्रीती करायची आज्ञा लिहिलेली असते, तर त्यांच्या घरात ती कशी शिकवतात हे मला त्यांच्याकडूनच वाचायचंय.

आपला एक वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार