रात्रीचे ड्रोन कोणाचे, एवढं तरी सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

मी घोड नदीच्या पट्ट्यातला शेतकरी आहे, गावात नाही तर वस्तीवर राहतो, आजूबाजूला ऊस आणि सगळ्यात जवळचं घर पाचशे फुटांवर. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या गोठ्यावर ड्रोन आला होता. आला होता असंच म्हणतो, दिसल्यासारखं वाटलं असं नाही, कारण मी, पुतण्या आणि सून तिघांनी बघितलाय. पुणे-मुंबईकडे जाणारी विमानं आमच्यावरून रोज जातात, ती सरळ रेषेत जातात आणि आवाज मागून येतो, ते लहान पोराला पण कळतं. हा कडब्याच्या गंजीवर येऊन थांबला, एक लाल लाईट एक हिरवा, मधमाशांचं मोहळ उठल्यासारखा आवाज, मिनिटभर एका जागेवर आणि मग वळून नदीकडे गेला. आमचं कुत्रं बिबट्याचा वास आला तरी भुंकतं, ते त्या दिवशी गव्हाणीखाली जाऊन बसलं.

पुतण्याने मोबाईलवर व्हिडिओ घेतला पण त्यात सगळं काळं आणि मधोमध एक लाल ठिपका. तो ठिपका सकाळपर्यंत सात-आठ ग्रुपवर फिरला आणि प्रत्येक ग्रुपवर वेगळी स्टोरी. कोणी म्हणे चोर घरं हेरतात, कोणी म्हणे सरकारचा सर्वे आहे, कोणी म्हणे बिबटे मोजायला आलेत.

रात्रीच पोलीस स्टेशनला फोन केला होता, समोरून उत्तर मिळालं की आमच्याकडे काही नोंद नाही, लग्नाचं शूटिंग असेल. आषाढात कुठलं लग्न? राग त्याचा आला की समोरच्याला विचारावंसं पण वाटलं नाही कुठून कुठे गेला म्हणून.

हे काही आजचं नाही. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड, जालना, संभाजीनगर सगळीकडे हीच बोंब होती, गावोगाव पोरं काठ्या घेऊन रात्रभर जागत होती. अंतरवाली सराटीला जरांगे पाटलांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचं निघालं तेव्हा विधानसभेत पण विषय झाला. पण आमच्या वस्त्यांवर जे फिरत होते ते कोणाचे होते ते आमच्या गावाला येऊन आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

मला स्वतःला चोरांचं पटत नाही. चोर लाईट लावून आवाज करत कशाला येईल, आणि साध्या कॅमेऱ्याला अंधारात काय दिसणार, त्याला दिवसा भांडी विकायच्या निमित्ताने फिरलं तरी सगळं कळतं. पण मला पटत नाही म्हणून प्रश्न संपत नाही ना. 1995 च्या डिसेंबरात बंगालमधल्या पुरुलियात रात्री कमी उंचीवरून गेलेल्या विमानातून बंदुका टाकल्या होत्या आणि सकाळी त्या सापडल्या त्या गावातल्याच लोकांना. खेड्यातला माणूस रात्री आकाशात काय दिसलं सांगतो तेव्हा ते निदान लिहून तरी घ्यावं.

भीती कशाची ते शहरात बसून कळणार नाही. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की घरातले पुरुष बारा वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणार आणि वस्तीवर बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. आधीच बिबट्यामुळे जीव मुठीत, आता वरून हे. माझी सून आठ दिवस झाले कडी लावून आतून पाटा लावते.

आणि या भीतीतून काय होतं ते पण सांगतो. शुक्रवारी रात्री फाट्यावर पोरांनी एक मोटरसायकलवाला अडवला, पिशवीत तारा सापडल्या, झालं, हाच ड्रोनवाला म्हणून दोन-चार कानाखाली बसल्या. मी पोचलो तेव्हा त्याचा शर्ट फाटलेला आणि तो नुसता हात जोडून उभा. तो मोटर वाइंडिंगवाला होता, पिशवीत तांब्याची तार, कोणाची तरी जळालेली मोटर भरून परत चालला होता. आमच्याच दोन विहिरींच्या मोटरी त्याने भरल्यात. मला त्या रात्री झोप लागली नाही. 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी ठार मारलं, 2020 ला पालघरच्या गडचिंचलेत चोर समजून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. आमच्या फाट्यावर अजून दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं?

2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागतं (दोन किलोपर्यंत हौसेने उडवणाऱ्याला तेवढी सूट आहे), नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. पण ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर जिथे उडवायला मोकळीक आहे तिथे, चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, म्हणजे आमच्या डोक्यावर काय उडतंय ते पोलीस पाटलाला पण माहीत नसतं. गावठाणाच्या मोजणीला ड्रोन आला होता तेव्हा आधी दवंडी झाली, चुन्याने हद्दी आखल्या, सगळं दिवसा झालं, एक माणूस घाबरला नाही.

मागणी एवढीच आहे की सर्वे असो, कंपनीचं काम असो, नाहीतर कोणाची हौस, अंधार पडल्यावर वस्तीवर ड्रोन उडवायचा असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस स्टेशनला आधी कळवणं सक्तीचं करा. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका फोनवर अख्ख्या गावाचे फोन वाजतात, त्यावरच सांगा की आज अमक्याचा ड्रोन आहे, घाबरू नका. आणि कोणी तक्रार केली तर वेळ, दिशा लिहून घ्या आणि पुढे काय निघालं ते त्याला कळवा.

काल विहिरीची मोटर परत जळाली म्हणून वाइंडिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दादा तुमचं काम करतो, पण मोटर तुम्हीच दुकानात आणून टाका, मी तिकडं येत नाही आता.

आपला,
घोड नदीच्या पट्ट्यातला एक शेतकरी