राघूच्या डोळ्यांकडे लक्ष असू द्यावे

हॅनोव्हर, जर्मनी
दि. ४ मे

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचा व्हिसा आल्याचे कळले आणि घरात सर्वांना फार आनंद झाला. जूनमध्ये तुम्ही इकडे आलात की आम्ही दोघे कामावर आणि मुक्ता शाळेत, त्यामुळे तिच्या राघूकडे, म्हणजे तिने पाळलेल्या सरड्याकडे, दिवसभर पाहणारे तुम्हीच असाल. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. फोनवर अशा गोष्टी निसटतात.

राघू हा आपल्या शेताच्या बांधावर, बाभळीवर दिसणाऱ्या घोयऱ्याचाच (रंग बदलणाऱ्या सरड्याचाच) भाऊबंद, पण जात वेगळी. मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातली, डोक्यावर उंच तुरा असलेली. आई, तो विषारी नाही, आपल्याकडचाही नसतो, तेव्हा तू निर्धास्त ये. दादाच्या चिरंजीवांना मात्र सांगावे की आपल्याकडच्या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तो पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे.

या प्राण्याचा स्वभाव असा की आजार तो शेवटपर्यंत लपवतो. रानात अशक्त दिसणारा जीव आधी शिकार होतो, म्हणून तो फांदीला धरून नेहमीसारखा बसून राहतो आणि आपल्याला दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. यंदा जानेवारीत, तिकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती त्या दिवसांत, राघू भर दुपारी डोळे मिटून बसलेला मुक्ताला दिसला. घोयरा दिवसा झोपत नाही. दिव्याच्या उजेडात त्याने डोळे मिटले म्हणजे तो आजारी आहे असेच धरावे आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. डॉक्टरांनी रक्त तपासले, क्ष-किरण चित्र काढले आणि कोमट केलेले सलाइन त्वचेखाली दिले. शरीरातले पाणी कमी झाले होते आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. पाणी दीर्घकाळ अपुरे राहिले तर पुढे सांध्यांत युरिक आम्ल साचून पाय सुजतात, आणि तो आजार पूर्ण बरा होत नाही. राघूवर ती वेळ आली नाही.

पाणी कमी पडत असल्याची पहिली खूण विष्ठेत दिसते. घरातल्या पालीच्या लेंडीला पांढरे टोक असते, तसाच पांढरा भाग याच्या विष्ठेबरोबर पडतो. तो पांढरा असला की ठीक, किंचित पिवळसर असला तरी चालते, पण नारिंगी झाला, कोरडा आणि कणीदार पडू लागला, की पाणी वाढवायला हवे. त्यानंतर डोळ्यांचे बुबूळ धरणारे गोल बुरूज आत ओढल्यासारखे दिसू लागतात, कातडीच्या घड्या तशाच राहतात, जीभ नीट लांबत नाही आणि भूक मंदावते. एक लक्षात ठेवावे: डोळा साफ करताना तो क्षणभर डोळा फुगवतो, आत घेतो, गरगर फिरवतो. ते काही मिनिटांत थांबते, त्याने घाबरू नये.

आता पाण्याविषयी. वाटीत साचलेले पाणी याला सहसा पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून पिणारा हा जीव आहे. म्हणून दिवा लागण्यापूर्वी पहाटे आणि रात्री दिवा मालवल्यावर मनीप्लांटच्या पानांवर बारीक फवारा मारायचा, आणि दिवसा वर टांगलेल्या बाटलीतून पानांवर ठिबक चालू ठेवायची. दिवसा हवा बऱ्यापैकी कोरडी होऊ द्यायची आणि रात्री दमट ठेवायची, कारण सतत ओल राहिली तर छातीचा आणि कातडीचा संसर्ग होतो. बाबा, सूतगिरणीत हवा कोरडी झाली की धागा तुटतो म्हणून तुम्ही वर्षानुवर्षे ओल्या आणि कोरड्या पाऱ्याची नोंद ठेवलीत. इथेही पिंजऱ्यावर आर्द्रतामापक आहे, त्याची सकाळ-संध्याकाळची नोंद तुम्ही ठेवलीत तर माझी मोठी काळजी मिटेल.

तो मलूल दिसला तर आधी फवाऱ्याचा आणि ठिबकीचा वेळ वाढवावा, पाणी कोमट घ्यावे. स्वच्छ, सुईविना पिचकारीने नाकपुडीपासून दूर, ओठाच्या कडेला एक थेंब सोडून पाहावा. तो चाटू लागला तर पुढचा थेंब द्यावा, नाही तर थांबावे. तोंड उघडून पाणी ओतणे कधीही करू नये. याची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे उघडते, त्यामुळे ओतलेले पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आई, साखर-मिठाचे पाणी आपण घरात लगेच करतो, पण याला डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तेही नको. आणि अन्नाचा आग्रह नको: शरीरात पाणी नसताना पोटात गेलेले रातकिडे पचत नाहीत, उलट भार होतात.

उन्हाची सवय असलेल्या आपल्या सोलापूरकरांना वाटेल की वाळवंटी प्रदेशातला जीव, ऊन जितके मिळेल तितके बरे. तसे नाही. उबेच्या दिव्याखाली ३० अंशांच्या आसपास तापमान त्याला पुरते, आणि पिंजऱ्याचा खालचा भाग त्याहून बराच थंड लागतो. फिकट रंगाचा होऊन तो दिव्याखाली तोंड उघडून बसला तर त्याला उष्मा झाला आहे. दिवा बंद करून सावलीत जाऊ द्यावे. मात्र दिव्यापासून दूर असतानाही मान वर करून, तोंड उघडून श्वास घेत असेल, टकटक आवाज येत असेल किंवा तोंडाशी चिकट बुडबुडे दिसत असतील, तर तो श्वासाचा संसर्ग आहे. त्याला घरचा उपाय नाही. फांदीवरची पकड सुटणे, पाय वाकणे, जबडा मऊ होणे ही हाडांच्या आजाराची लक्षणे; कॅल्शियम आणि अतिनील किरण कमी पडल्याने तो होतो. त्या किरणांची नळी उजेड देत राहिली तरी तिची शक्ती काही महिन्यांनी ओसरते, म्हणून ती तुम्ही येण्यापूर्वी मी बदलून ठेवीन.

डोळे मिटलेले दिसले, तो जमिनीवर पडून राहिला, किंवा श्वासाची वर सांगितलेली लक्षणे आढळली, तर मला कामावर असतानाही फोन करावा. मी बैठकीत असले तरी उचलीन. अगदी ताजी विष्ठा छोट्या डबीत ठेवावी, डॉक्टर ती जंतांसाठी तपासतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा क्रमांक मी शीतपेटीवर लावून ठेवते.

बाकी सर्व कुशल. दादा-वहिनींना नमस्कार. प्रवासाची औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत.

तुमची,
वैशाली